एक्क्याण्णव नंबरचं घर

चिंचवंडीत नव्या माणसानं अण्णाराव गुरुजींचं घर विचारलं, तर कुणी रस्ता समजावून सांगत बसत नाही. "एक्क्याण्णवला जावा," एवढंच म्हणतात. सास्तूरहून माकणीकडे निघालं की डाव्या हाताला हे गाव लागतं. भूकंपानंतर नव्यानं बांधलेलं, म्हणून अगदी सरळ. दहा-दहा घरांच्या नऊ ओळी, सगळ्या घरांची तोंडं उगवतीला. ओळी संपल्या की मोकळं मैदान, मैदानानंतर पाण्याची टाकी, आणि टाकीच्याही पलीकडे, बाभळींच्या कडेला, एकच एक घर. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला वाटतं, गावानं कुणाला तरी वाळीत टाकलंय. तसं काही नाही. गावातला सगळ्यात मानाचा माणूस तिथं राहतो, आणि तो तिथं राहतो म्हणूनच त्याला एवढा मान आहे.

गुरुजी यंदा पंच्याहत्तरीत आले. पहिली ते चौथीच्या शाळेत त्यांनी उभी हयात काढली. वर्ग चार आणि मास्तर दोन, म्हणजे सगळेच विषय शिकवावे लागत. पण गुरुजींच्या हातात पडलं की भूगोलाचंही गणित होई. तेरणा नदी शिकवताना ते उपनद्या मिळवायला लावत आणि पावसाळा उणे उन्हाळा करायला लावत. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी ओळी मोजायचे, वाढप्यांची संख्या विचारायचे आणि मग वाढप्याला म्हणायचे, "भाग जातो का बघ आधी." दोन भावांचं बांधावरून भांडण होऊन ती माणसं गुरुजींकडे आली, तर त्यांनाही पहिला प्रश्न तोच. कुणी रडायला लागलं की गुरुजी वैतागत. "आकड्यात रडारड चालत नाय," म्हणत. स्वभावानं वाईट नव्हते. फक्त आपलं चुकू शकतं हा धडा त्यांनी मुलांना शिकवला होता, स्वतः घेतलेला नव्हता.

त्र्याण्णव साली गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे जमीन हलली, तेव्हा गुरुजी गावात नव्हते. कसल्याशा प्रशिक्षणासाठी जिल्ह्याच्या गावी गेले होते. त्यांची बायको द्वारकाबाई दगडमातीच्या घराखाली गाडली गेली. तिला बाहेर काढलं शेजारच्या महादेवीनं. महादेवीचा स्वतःचा नवरा त्याच पहाटे गेला होता. ते कळून चुकल्यावर ती तिथं बसून राहिली नाही. उठली आणि शेजारणीच्या घराची माती नुसत्या हातांनी उपसायला लागली. द्वारकाबाईचं तोंड मोकळं झालं तेव्हा महादेवीच्या बोटांना नखं उरली नव्हती. पुढे दोन पावसाळे पत्र्याच्या शेडात गेले. दोघींच्या खोल्यांमध्ये एकच पत्रा होता आणि चूलही एकच. द्वारकाबाई पुढे कधी कधी म्हणायची, की त्या शेडात हाल झाले ते झाले, पण एकटं कधी वाटलं नाही.

मग नवं गाव बांधायचं ठरलं. एका संस्थेनं काम घेतलं आणि तिचा इंजिनिअर नकाशाची गुंडाळी काखेत मारून चिंचवंडीत आला. उरलेली कुटुंबं एक्क्याण्णव. इंजिनिअरला सगळ्या ओळी सारख्या हव्या होत्या, कारण ओळीमागं एक पाइप आणि एक गटार असं त्याचं गणित होतं. लिंबाखाली बैठक बसली. इंजिनिअरनं विचारलं, "एक्क्याण्णव घरांच्या सारख्या ओळी कशा पाडायच्या?" सगळ्या गावानं गुरुजींकडे पाहिलं. त्यांच्याशिवाय पाहणार कुणाकडे?

गुरुजींनी डोळे मिटले. दोनानं जात नाही, विषम आहे. तीनानं नाही, अंकांची बेरीज दहा. चारानं तर नाहीच. पाचानं नाही. सातापाशी ते थोडे थांबले असतील नसतील, पण साताचा पाढा सात दाहे सत्तरला संपतो, आणि सत्तरच्या पुढे सात कुठंकुठं जातो हे पाहायची गरज त्यांना आजवर पडली नव्हती. आठ, नऊ, दहा, कशानंच नाही. गुरुजींनी डोळे उघडले.

"एक्क्याण्णव ही मूळ संख्या हाय," ते म्हणाले. "एक आन् ती सोताच, बाकी कुणानंच भाग जात न्हाय. सारख्या वळी पडायच्याच न्हाईत."

वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे पाढे पाठ आहेत, ते आत्ताच गालात हसले असतील. त्यांनी जरा दम धरावा. त्या लिंबाखालीही पाढे पाठ असलेली चाळीसेक माणसं बसली होती. इंजिनिअरच्या खिशात तर कॅल्क्युलेटर होतं. पण गुरुजी इतक्या ठामपणे बोलले, की ते खिशातच राहिलं.

"मग?" इंजिनिअर म्हणाला.

"नव्वद घरं धरा. नऊ वळी, धा-धा घरं. आन् एक घर भायेर."

बाहेर म्हणजे कुठं, तर मधली जागा शाळेला आणि मैदानाला सोडलेली, म्हणून टाकीच्या पलीकडे. तिथं जायला कोण तयार होणार? नुकतीच माणसं गमावलेलं गाव. रात्री कुणाचा तरी खोकला ऐकू आल्याशिवाय कुणाला झोप लागत नव्हती. मग गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "आकडा म्या सांगितला. एक्क्याण्णव नंबर म्या घेतो. बाकीच्यांनी चिठ्ठ्या उचला."

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका म्हाताऱ्यानं तर गुरुजींचे पाय धरले. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, महादेवीला अठ्ठ्याहत्तर नंबर लागला, आणि गुरुजी शेडात परतले ते देवमाणूस होऊन. द्वारकाबाईला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिनं चुलीपुढं बसून एकच प्रश्न केला.

"आपूनच का?"

"कुणाला तरी एकटं ऱ्हावंच लागतंय, द्वारका. त्यात माझं-तुझं कायबी न्हाय. गणितच तसं हाय."

द्वारकाबाई चौथीपर्यंत शिकलेली, गुरुजींची बायको. गणितापुढे बोलायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. "गणितच तसं असंल तर काय बोलणार," ती म्हणाली, आणि पत्र्याच्या पलीकडे महादेवीच्या बांगड्या वाजत होत्या त्या बराच वेळ ऐकत बसली.

नव्या गावात ओळींना पाणी आलं. एक्क्याण्णवला आलं नाही, कारण एका घरासाठी एवढा लांब पाइप कोण टाकणार? द्वारकाबाई घागर घेऊन मैदान ओलांडायची आणि आठव्या ओळीत, अठ्ठ्याहत्तरच्या परसातल्या नळावर पाणी भरायची. घागर भरायला वेळ तो किती! द्वारकाबाईला दुपार लागायची. दोघी मिळून शेंगा फोडत, कुरडया घालत, आपापल्या पोरांना शिव्या देत. पुढे ग्रामपंचायतीनं गुरुजींच्या त्यागाची कदर केली आणि एक्क्याण्णवला नळ दिला. पहिल्यांदा धार लागली तेव्हा द्वारकाबाई पदर डोळ्यांना लावून रडली. गुरुजींना वाटलं, आनंदानं. त्यांनी तसं चार लोकांना सांगितलंही.

घराची महती मात्र वाढतच गेली. शाळेत नवा मुलगा आला की गुरुजी खिडकीतून आपलं घर दाखवत. "ते बघ. सगळ्या वळीभायेर. का? तर त्याला कुणी भागू शकत न्हाय." चौथीपर्यंतच्या पुस्तकात मूळ संख्या नव्हत्या, त्यामुळे वादाचा प्रश्न नव्हता. एकदाच अडचण आली. शिवकुमार नावाचा एक चुणचुणीत पोरगा पाचवीला सास्तूरला गेला आणि आठवड्यानं पुस्तक घेऊन परत आला. शंभरपर्यंतच्या मूळ संख्यांची यादी होती. एकोणनव्वद होता, सत्त्याण्णव होता, मध्ये एक्क्याण्णव नव्हता.

गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "छपाईची चूक हाय," ते म्हणाले. "पुस्तकं तिकडं पुण्याकडं छापत्यात. एक्क्याण्णव घरं हितं हाईत. त्यांना काय म्हाईत?"

शिवकुमारनं शिसपेनीनं यादीत एक्क्याण्णव लिहून टाकला. आज तोच शिवकुमार गावचा सरपंच आहे.

आणि ह्या सगळ्या वर्षांत, रोज सकाळी, प्रार्थनेनंतर, त्याच शाळेच्या पटांगणात पोरं हात बांधून, डुलत डुलत, गुरुजींच्या छडीच्या ठेक्यावर पाढे म्हणत होती. दोनापासून तिसापर्यंत. त्यात तेराचाही होताच. तो गाणं म्हणून घशात बसला होता, आणि गाण्याचा अर्थ कोण लावत बसतो?

महादेवी दोन वर्षांपूर्वी गेली. भरदुपारी परसात, नळापाशी, भांडी घासताना पडली. तो सोयाबीन काढणीचा हंगाम, ओळीतली सगळी माणसं रानात. बरीच उन्हं कलल्यावर कुणीतरी पाहिलं, जीप काढली, उमरग्याच्या वाटेला लागले, आणि वाटेतच सगळं संपलं. डॉक्टर म्हणे, लवकर आणलं असतं तर काही तरी करता आलं असतं. टाकीपलीकडे ही बातमी जीप परत आल्यावर पोचली. त्या दुपारी द्वारकाबाई आपल्या घराच्या ओट्यावर बसून तूर निवडत होती आणि समोर तिला पाण्याची टाकी दिसत होती. त्यानंतर ती कमी बोलायला लागली. गुरुजींनी तिला एकदा समजावलं, की माणूस जन्मतो तसा मरतो, हे समीकरण आहे. तिनं ऐकून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात गुरुजींच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पुण्याहून मुलगा आला, ऑपरेशन करून आणलं, काळा चष्मा चढवला, वर्तमानपत्र आणि टीव्ही दोन्ही बंद करून निघून गेला. गुरुजी खाटेवर उताणे पडले. वाचायला काही नाही, भागायला कुणी नाही. मग ते वेळ घालवायला पाढे म्हणू लागले, जुन्या चालीवर. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या समोर डुलणारी पोरं नव्हती आणि हातात छडी नव्हती. पाढा सावकाश चालला होता.

"तेरा चोक बावन्न. तेरा पाचे पासष्ट. तेरा सख अठ्ठ्याहत्तर. तेरा साते एक्क्या..."

पाढा तिथंच अडकला. गुरुजींचं तोंड उघडंच राहिलं.

"तेरा आठे चारोदरसे, तेरा नव्वे सत्रोदरसे," स्वयंपाकघरातून द्वारकाबाईनं चाल पुरी करून टाकली. पन्नास वर्षं ऐकून तिलाही पाठ होतं. गुरुजींचा घसा बसला असेल असं तिला वाटलं. ती पाणी घेऊन आली.

"काय झालं?"

"काय न्हाय," गुरुजी म्हणाले. "थोडी शेंग दे."

त्यांना वाटलं, ऑपरेशनमुळे डोक्यावर परिणाम झाला असेल. त्यांनी भुईमुगाच्या एक्क्याण्णव शेंगा मोजून घेतल्या आणि खाटेवर मांडल्या. एक ओळ तेराची. तिच्याखाली दुसरी. सातवी ओळ पुरी झाली तेव्हा सगळ्या शेंगा संपल्या होत्या आणि बाहेर एकही उरली नव्हती. गुरुजी त्या बाहेरच्या जागेकडे, जिथं एक शेंग असायला हवी होती, काळ्या चष्म्यातून किती तरी वेळ पाहत राहिले.

पुढचे काही दिवस त्यांचे फार वाईट गेले. ज्या आकड्याला तीस वर्षं एकलकोंडा ठरवलं, तो त्यांना आता जिथं तिथं माणसं जमवून बसलेला दिसू लागला. कडब्याच्या पेंढ्यांची उतरंड रचावी, तळाला तेरा, वर बारा, अकरा, असं एकापर्यंत, तर पेंढ्या एक्क्याण्णव. लाडवांची रास करावी, तळाला सहा-सहाचा चौकोन, वर पाच-पाचचा, टोकाला एक, तरी एक्क्याण्णव. तीनाचा घन आणि चाराचा घन मिळवला, एक्क्याण्णव. दर दिवाळीला द्वारकाबाई दारापुढं अकरा ते सहा ठिपक्यांची रांगोळी काढायची. मधली ओळ अकराची, वर-खाली दहा, नऊ, आठ, सात आणि शेवटी सहा. गुरुजींनी पडल्या पडल्या ठिपके मिळवले आणि कूस बदलली. इतका मिळूनमिसळून राहणारा आकडा शंभरात दुसरा सापडला नसता. आणि त्याचं नाव सांगून त्यांनी बायकोला टाकीपलीकडे आणून ठेवलं होतं.

द्वारकाबाईला सांगायला हवं होतं. गुरुजींना त्याची भीती वाटत होती, साधी सरळ भीती. तिनं आदळआपट केली असती तर ते सोसलं असतं. पण ती "आपूनच का" असं पुन्हा विचारेल, आणि ह्या खेपेला उत्तरात गणित नसेल, ह्या विचारानं ती जवळ आली की ते डोळे मिटून घेत.

तेवढ्यात सरपंच दारात आला. गुरुजींची पंच्याहत्तरी, गावानं सत्कार ठरवला होता. टाकीजवळच्या जागेला अण्णाराव गुरुजी चौक असं नाव द्यायचं होतं. तिथं चौक नव्हता, पण नाव द्यायला चौक कशाला लागतो? दगडही कोरून आला होता. शिवकुमारनं मोबाइलवर फोटो दाखवला. वर गुरुजींचं नाव आणि खाली मोठ्या अक्षरात "अविभाज्य एक्क्याण्णव".

"शिवकुमार," गुरुजी आवाज खाली आणून म्हणाले, "एक्क्याण्णवला सातानं भाग जातो रे."

शिवकुमार हसला. मग त्यानं गुरुजींचा चेहरा पाहिला, मोबाइलवरच कॅल्क्युलेटर काढलं आणि बोटं फिरवली. एकदा केलं, पुन्हा केलं. इकडंतिकडं पाहून त्यानं मोबाइल खिशात टाकला.

"गुर्जी, दगड कोरून झालाय."

"आरं पण चूक हाय ती."

"असू द्या की. तुमीच म्हणला व्हता, छपाईत चूक व्हती म्हणून." तो काकुळतीला आला. "गुर्जी, सारं गाव तुमचा हा आकडा सांगत हिंडतंय. पोरांची लग्नं जमवताना सांगत्यात, आमच्या गावात असा मानूस हाय म्हणून. आता कुठं सात आन् तेरा काढताव?"

गुरुजींनी जन्मात पहिल्यांदा विद्यार्थ्यापुढे मान खाली घातली.

सत्काराच्या दिवशी मैदानात मांडव पडला. तालुक्याहून पाहुणे आले. एक बाजू बाप्यांची, एक बायांची. बायांत पुढे नवं लुगडं नेसून द्वारकाबाई. पाहुणे बोलायला चांगले होते. एक्क्याण्णव जसा कुणासमोर भागला जात नाही, तसे गुरुजी कुणासमोर वाकले नाहीत, असं ते म्हणाले. स्वतः ओळीबाहेर राहून त्यांनी नव्वद घरांना ओळीत बसवलं, असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. व्यासपीठावर बुंदीचे एक्क्याण्णव लाडू ठेवले होते. ज्यानं ते रचले होते त्यानं तळाला सहा-सहाचा चौकोन केला होता आणि टोकाला एक. गुरुजींना ती रास बघवेना.

ते बोलायला उभे राहिले. शिवकुमारनं हात जोडले, पण गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"म्या चुकलो," ते म्हणाले. "एक्क्याण्णव मूळ संख्या न्हाय. त्याला सातानं भाग जातो. सात वळी, तेरा-तेरा घरं. समदी घरं वळीत बसली असती. एकबी भायेर ऱ्हायलं नसतं."

मांडवात चुळबुळ झाली. लोकांना काही उमगेना. गुरुजींनी शाळेतला आवाज काढला. "तेरा साते?"

"एक्क्याण्णव!" सगळा मांडव गरजला. तिथं बसलेले निम्मे लोक त्यांच्याच छडीखालून गेलेले. आणि एकदा तोंडातून चाल निघाल्यावर ती थांबणार कशी? "तेरा आठे चारोदरसे! तेरा नव्वे सत्रोदरसे! तेरा दाहे तीसासे!" माणसं डुलायला लागली, हसायला लागली, कुणाचे डोळे भरून आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे माइक ओढून घेत म्हणाले, "बघा ही नम्रता! चूक नसताना चूक पदरात घेणारी माणसं आता कुठं राहिली?" पुन्हा टाळ्या. गुरुजी "अहो, तसं नव्हे" म्हणत राहिले. त्यांच्या गळ्यात आणखी दोन हार पडले.

त्या गदारोळात गुरुजींनी बायांकडे पाहिलं. सगळ्या बाया पाढा म्हणून दमल्या होत्या. द्वारकाबाई एक्क्याण्णवलाच थांबली होती. ती खाली सतरंजीकडे बघत बसली होती आणि तिच्या हाताची बोटं मांडीवर हळूहळू काही तरी मोजत होती. सगळ्या गावात गुरुजींवर विश्वास ठेवणारं माणूस आजही एकच होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं नवं लुगडं घडी करून ठेवलं. सकाळी गुरुजी उठले तर अंगणात सडा टाकून झालेला होता आणि द्वारकाबाई रांगोळीची वाटी घेऊन उभी होती. दगड टाकीजवळ उभा होता, त्यावरचा हार अजून ताजा होता.

"बसा," ती म्हणाली. "काडा."

"काय?"

"सात वळी. तेरा-तेरा घरं."

गुरुजी चष्मा सावरत, गुडघ्याला हात देत खाली बसले. चिमटीतून ठिपके सोडू लागले. ओळी सरळ आल्या, फळ्यावरची सवय होती. पहिली ओळ उगवतीकडे, तिच्यामागं दुसरी, तिसरी. द्वारकाबाई उभ्यानं बघत होती. मध्येच म्हणाली, "म्या कदी इचारलं न्हाय तुमाला. गणितच तसं हाय म्हणला, म्हणून गप बसले. नायतर भांडले असते म्या. समद्या गावासंगं भांडले असते." गुरुजींनी मान हलवली. सहावी ओळ पुरी झाली, मग सातवी.

"ह्यातलं आपलं कंचं?"

गुरुजींनी सातव्या ओळीतला शेवटचा ठिपका दाखवला. एक्क्याण्णव.

"आन् म्हादेवीचं?"

त्यांना मोजावं लागलं नाही. तेरा सख अठ्ठ्याहत्तर. पाढ्यात ती दोन घरं रोज सकाळी शेजारीशेजारी येत होती, पोरं छाती फुगवून त्यांची नावं घेत होती. गुरुजींनी सहाव्या ओळीतल्या शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. त्यांच्या ठिपक्याच्या अगदी पुढं.

द्वारकाबाई वाकली. दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेवर तिनं वीतभर हात ठेवला. "समद्यांची तोंडं उगवतीला," ती सावकाश म्हणाली. "म्हंजी आपलं दार उघडलं की म्होरं तिचं परसू. तिचा नळ." मग तिनं गुरुजींकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "त्या दिसी म्या वट्यावरच व्हते. तूर निवडत. म्या बगितलं असतं, व्हय का न्हाय?"

ह्या प्रश्नाचं गणित गुरुजींना येत होतं. सात ओळी असत्या तर चिठ्ठ्याही एक्क्याण्णव टाकल्या असत्या. मग आपल्याला कुठला नंबर लागला असता आणि महादेवीला कुठला, हे कोण सांगणार? ती सहाव्या ओळीच्या टोकाला आणि आपण तिच्याच मागं, असा योग येण्याची शक्यता किती थोडी, हेही त्यांचं डोक्यात मांडून झालं होतं. उत्तर बरोबर होतं. ते ऐकलं असतं तर गावानं पुन्हा मान डोलावली असती, आणि द्वारकाबाईही कदाचित गप्प बसली असती. तोंड उघडून ते सांगायच्या बेतात होते. त्यांनी ते गिळलं.

"व्हय," गुरुजी म्हणाले. "तू बगितलं असतंस."